ट्रक मध्येच बंद पडतो, मग आपोआप चालू होतो: डिझेल सिस्टिममधल्या लपलेल्या इलेक्ट्रिक फॉल्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरकरवाड्याची मासळी, लांजा-राजापूरचा जांभ्याचा चिरा, देवगडचा आंबा, लोट्याचा केमिकल माल. गाडीत काय भरलंय हे कळलं की फॉल्ट कुठे असेल याचा निम्मा अंदाज येतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले चालक-मालक, ड्रायव्हर आणि गावातले फिटर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं २४ व्होल्टच्या, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) इंजिनाच्या गाड्यांची आहेत. जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी वेगळा प्रश्न खाली आहे.

गॅरेजमध्ये नेली की गाडी एकदम शहाणी होते. असं का?

कारण फॉल्ट यायला एक परिस्थिती लागते आणि ती गॅरेजमध्ये नसते. रस्त्यावर गाडीला हादरे बसतात, इंजिन तापलेलं असतं, भरलेल्या गाडीत ते जोर लावताना माउंटिंगवर हलतं, हवेत ओल असते. गॅरेजच्या शेडमध्ये गाडी थंड, रिकामी आणि उभी. वायरचं तुटलेलं टोक पुन्हा टेकलेलं असतं, कपलर (वायरी जोडणारा प्लग) वाळलेला असतो. म्हणून पहिला शोध परिस्थितीचा घ्यायचा: गरम, ओलं, हादरा की लोड. ती सापडली की पार्ट सापडायला फार वेळ लागत नाही. उलट्या बाजूने गेलात, म्हणजे पार्ट बदलत बदलत, तर खिसा आधी रिकामा होतो.

डिझेल कमी पडतंय की करंट तुटतोय, हे रस्त्यावरच कसं ओळखायचं?

बंद कशी पडली ते आठवा. डिझेल कमी पडलं की गाडी आधी पिकअप सोडते, चढाला दम टाकते, आचके देते आणि मग बसते. करंट तुटला की स्वीच मारल्यासारखी जागच्या जागी गप्प होते, किंवा एकच जोराचा झटका मारून लगेच पूर्ववत पळते. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथूनच करायची.

दुसरी खूण डॅशबोर्डवर मिळते. गाडी गिअरमध्ये धावत असताना इंजिन गेलं, चाकांमुळे ते फिरतंय, तरी आरपीएमचा काटा शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगणारा) किंवा त्याच्या वायरवर संशय घ्या. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले आणि चावी नव्याने फिरवल्यासारखे काटे नाचले, तर मेन सप्लाय किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) तुटली. काटे जागेवर, दिवे जागेवर आणि फक्त ताकद गेली, तर डिझेलची बाजू आधी बघा.

डिझेलच्या बाजूला एक लबाड प्रकार आहे, त्याने भल्याभल्यांना वायरिंग उकलायला लावलंय. टाकीचा श्वास, म्हणजे आत हवा घेणारं भोक, चिखलाने बुजलेला असतो. गाडी तास-दीड तास छान पळते, मग मरते, थोडं थांबलं की चालू होते. अगदी तापलेल्या सेन्सरसारखीच लक्षणं. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर मल्टिमीटर डब्यात ठेवा. टाकीतल्या जाळीवर चिंधी बसणं, सक्शन पाईपमधून हवा धरणं, फिल्टर चोक होणं हेही आधी उरकून घ्या. फिल्टरच्या आधी थोडा वेळ पारदर्शक पाईप लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

ड्रायव्हरने नेमकं काय लिहून ठेवायचं?

जागा, वेळ, पाऊस होता का, इंजिन किती तापलं होतं, चढ की उतार, भरलेली की रिकामी, टाकीत डिझेल किती, कुठले दिवे लागले, किती वेळाने सुरू झाली. मोबाईलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो क्लीनरने काढायचा, ड्रायव्हरने नाही. “गाडी घाटात बंद पडता, खाली इली काय बरी चलता” एवढ्या एका वाक्यातही माहिती असते: चढ, लोड, उष्णता. त्यात “बंद पडली तेव्हा डावं वळण होतं” एवढं जोडलं, तर वायरमनचा अर्धा दिवस वाचतो.

मेस्त्री म्हणतात, हाय प्रेशर पंप बदला. बदलू?

इतक्यात नाही. पंप झिजतो तो सावकाश आणि कायमचा झिजतो. सोमवारी खराब, मंगळवारी बरा आणि बुधवारी पुन्हा खराब असा पंप क्वचित असतो. ‘रेल प्रेशर कमी’ असा कोड आला म्हणून पंप उतरवायचा, हे रोग रेड्याला नि औषध पखालीला. तोच कोड चोक फिल्टरमुळे येतो, हवा धरल्यामुळे येतो, पंपावरच्या मीटरिंग युनिटचा (किती डिझेल घ्यायचं ते ठरवणाऱ्या भागाचा) कपलर सैल असला तरी येतो. पंपाआधी सप्लाय, अर्थ, कपलर, फिल्टर आणि रिटर्नचं (इंजेक्टरकडून टाकीकडे परत जाणारं) डिझेल तपासल्याचं दाखवा असं मेस्त्रींना सांगा. चांगला मेस्त्री रागावत नाही.

मल्टिमीटरवर वायर ओके दाखवते, बीप पण वाजतो. मग फॉल्ट वायरमध्ये कसा?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

मल्टिमीटर बीप मोडवर वायरमधून अगदी नगण्य करंट पाठवतो. तीस तारांच्या वायरमधली एकच तार शिल्लक असली तरी तो बीप देतो. पण ईसीएमच्या सप्लायला १० अँपिअर ओढायचे झाले, तर त्या एका तारेवर किंवा हिरव्या पडलेल्या जोडावर व्होल्टेज खाल्लं जातं. हिशोब साधा आहे. जोडात अर्धा ओहम अडथळा असेल तर १० अँपिअरला ५ व्होल्ट तिथेच गेले. आणि मीटरवर अर्धा ओहम हा प्रोबच्या स्वतःच्या वायरीइतकाच दिसतो, म्हणून ‘वायर चांगली’ असा निकाल लागतो.

त्यामुळे वायर लोडवर तपासायची. दोन रीती आहेत.

पहिली म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. इंजिन चालू, हेडलाईट चालू. मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा ईसीएमच्या अर्थ पिनला कपलरच्या मागून. प्रोब खांबावरच ठेवा, क्लॅम्पवर नको, नाहीतर क्लॅम्पचा फॉल्ट लपतो. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच बॅटरी पॉझिटिव्ह ते ईसीएमची सप्लाय पिन, इथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. आता मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या मोडवर) टाका आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वीतभर वीतभर हलवत पुढे सरका. आकडा जिथे उसळला तिथे थांबा.

दुसरी रीत बल्बची. ईसीएमचा कपलर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थमध्ये २४ व्होल्टचा हेडलाईटचा बल्ब जोडायचा. ७० वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर ओढतो. चावी चालू केल्यावर लख्ख पेटला तर वायर काम करते. पिवळट पेटला किंवा वायर हलवल्यावर लुकलुकला तर चोर सापडला. ही युक्ती फक्त मेन सप्लाय आणि अर्थसाठी. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या लायनीला किंवा ईसीएमच्या आऊटपुटला बल्ब लावलात तर ईसीएमच जाईल.

घाटावरच्या गाड्यांना हा त्रास कमी असतो. कोकणातच वायरिंग एवढं का सडतं?

मिठामुळे. समुद्रावरून येणारा वारा बारीक खारट थेंब घेऊन येतो, ते वाळून मीठ कपलरवर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. किनाऱ्यावर, विशेषतः रात्री आणि पहाटे, एवढी आर्द्रता पावसाळ्याबाहेरही असते. म्हणजे पाऊस नसतानाही पिनांवर खारट पाण्याचा पातळ थर असतो. त्यातून करंट झिरपतो आणि तांबं हिरवं पडतं. वर पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि कुठे त्याहून जास्त पाऊस.

खरा घात मात्र इन्सुलेशनच्या आत होतो. बारीक तारांच्या वायरमध्ये पाणी वातीतून तेल चढतं तसं चढत जातं. डिझेल टाकीजवळच्या कपलरमधली वायर कापून बघा. टोकाला तांबं काळं. एक इंच आणखी सोला, तरी काळंच, सोल्डर धरत नाही, चिमटीत दाबलं की भुगा होतो. कधीकधी वीतभर मागे गेल्यावर लाल तांबं लागतं. बाहेरून ती वायर नवीकोरी दिसते.

मासळीच्या गाडीत आधी कुठे बघायचं?

जिथे बर्फाचं पाणी गळतं तिथे. क्रेटमधून आणि बॉडीच्या सांध्यातून निथळणारं पाणी खारं असतं आणि ते चेसिसच्या आतल्या बाजूने हार्नेसवर उतरतं. मागच्या दिव्यांची वायर सगळ्यात आधी जाते, म्हणून लोक हसून सोडून देतात, पण तीच ओल चेसिसवरच्या अर्थ पॉइंटला पोचते. अर्थचं थिंबल (वायरीच्या टोकाची रिंग) खोला, घासून चकचकीत करा, खालचा रंगही खरवडा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग मारा. रंग आधी आणि थिंबल नंतर असं बसवलेलं बऱ्याच वेळा सापडतं. तिथे अर्थ फक्त बोल्टच्या आट्यातून मिळत असते.

त्यानंतर टाकीजवळचे कपलर, फिल्टरखालच्या वॉटर सेन्सरचा कपलर, बॅटरी बॉक्स आणि मेन स्वीच. हार्नेसवरची रिंगांची काळी पाईप जिथे सगळ्यात खाली लोंबते तिथे पाणी आणि वाळू साठते, वायर त्यातच बुडून असते. खालच्या बाजूला चिरा द्या म्हणजे निचरा होईल.

चिऱ्याच्या गाडीचं काय वेगळं?

जांभ्याची लाल धूळ. पावसात तिचा लगदा होतो, तो हार्नेसवर बसतो, ओल धरून ठेवतो आणि हादऱ्यांनी वायरीला पॉलिश पेपरसारखा घासतो. क्लिपा, ब्रॅकेटच्या कडा, एअर क्लीनरखालचा भाग ही घासण्याची ठिकाणं. खाणीतला रस्ता म्हणजे हादरे भरपूर, त्यामुळे या गाड्यांत फ्युजचे आणि रिलेचे पाय सैल पडतात. फ्युज बघितला तर शाबूत, पण होल्डरची चिमटी ढिली. फ्युज बोटाने हलवून इंजिन अडखळतं का ते बघा, मिनिटाचं काम आहे.

वायरमन टाचणी टोचून करंट बघतो. चालेल?

घाटावर कदाचित खपेल, इथे नाही. टोचलेल्या भोकातून खारी हवा आत जाते आणि एक-दोन पावसाळ्यांत तिथेच वायर तुटते. खाजवून खरूज काढल्यासारखं होतं. कपलरच्या मागून, रबर सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून तपासायचं.

आणखी एक सवय मोडायला हवी. मल्टिमीटरचा जाड प्रोब कपलरच्या मादी पिनेत खुपसला की पिन पसरते. त्या दिवशी फॉल्ट सापडत नाही आणि पुढच्या महिन्यात नवीन फॉल्ट सुरू होतो. त्याच मापाची सुटी नर पिन जवळ ठेवा. ती घालून ओढून बघा, थोडी पकड जाणवली पाहिजे. सुळकन निघाली तर पिन बदला.

स्कॅनरवर कोड आलेत. त्यांचा अर्थ कसा लावायचा?

कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं नाव सांगतो. पी०१९३ म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल वर चढला. बहुधा वायर तुटली किंवा सेन्सरची अर्थ गेली. पी०१९२ म्हणजे सिग्नल खाली पडला, तिथे वायर चेसिसला लागलेली किंवा ५ व्होल्ट गायब. पी००८७ म्हणजे प्रेशर खरोखरच कमी, इथे डिझेलची बाजू आधी. पी०३३५ क्रँक सेन्सरचा. पी०२०१ ते पी०२०६ एक ते सहा नंबरच्या इंजेक्टर सर्किटचे. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. काही गाड्यांत एसपीएन (कुठलं सर्किट) आणि एफएमआय (काय बिघाड) असे आकडे येतात. एसपीएन १५७ म्हणजे रेल प्रेशर. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज वर, ४ म्हणजे खाली, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट उघडं.

कोड पुसण्याआधी फोटो काढा. अॅक्टिव्ह कुठला आणि जुना साठलेला कुठला ते वेगळं लिहा. मध्येच येणाऱ्या फॉल्टमध्ये साठलेला कोड हाच एकमेव साक्षीदार असतो आणि बरेच जण गाडी हातात आल्याबरोबर तोच पुसतात.

कोडच येत नाही, पण गाडी झटके मारते. आता?

लाईव्ह डेटा रेकॉर्ड करा. मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर एकाच ग्राफवर लावा आणि भरलेली गाडी चढाला घ्या, स्कॅनर दुसऱ्याच्या हातात देऊन.

खरं प्रेशर पडतं तेव्हा ग्राफ उतरंडीसारखा उतरतो. डिझेलला वेळ लागतो. पण ग्राफ १२०० बारवरून एका क्षणात शून्यावर आला आणि पुढच्या क्षणी परत १२०० वर गेला, तर ते डिझेलचं काम नाही. रेलमधलं प्रेशर असं उडी मारत नाही, वायर उडी मारते. सेन्सरचा कपलर, त्याची पिन आणि तिथून ईसीएमपर्यंतची वायर बघा.

आणखी एक फुकटची तपासणी. रात्रभर उभ्या गाडीची फक्त चावी चालू करा, सेल्फ मारू नका. रेल प्रेशर जवळपास शून्य दिसलं पाहिजे, सेन्सरचा सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट. इंजिन थंड, रात्रभर बंद आणि तरी साठ-सत्तर बार दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्याची अर्थ खराब आहे.

एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड. सगळे बदलायचे का?

अजिबात नाही. एवढे सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. अनेक सेन्सरना ५ व्होल्ट एकाच लायनीतून मिळतात. त्यातल्या एकाची वायर कुठे घासून चेसिसला लागली की सगळी लायन खाली बसते. ५ व्होल्टवर मीटर लावून ठेवा, चावी चालू, आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर गुन्हेगार.

इंजिन तापलं की बंद, अर्ध्या तासाने चालू. दर वेळी हेच.

टाकीचा श्वास तपासून झाला असेल तर क्रँक सेन्सर पहिला. दोन वायरींच्या सेन्सरमधलं वेटोळं तापल्यावर आतून उघडतं, थंड झालं की जुळतं. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसलं तर संशय पक्का. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच त्याचा ओहम मोजा आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजा. थंड सेन्सर तपासून ‘ओके’ म्हणण्याला काही अर्थ नाही. रस्त्यात मीटर नसेल तर ओलं फडकं फक्त सेन्सरच्या अंगावर धरून बघा, कपलर भिजू देऊ नका. दुसरा संशयित ईसीएमचा मेन रिले. तो चावी चालू असताना हाताला फारच गरम लागतो का आणि त्याचे पाय काळे पडलेत का ते बघा. त्याच नंबरचा दुसरा रिले बदलून बघणं स्वस्तात पडतं.

वळणावर किंवा केबिन उचलल्यानंतरच फॉल्ट येतो. संबंध आहे?

थेट आहे. केबिन उचलणाऱ्या गाड्यांत हार्नेस बिजागरीपाशी प्रत्येक वेळी वाकतो. वर्षानुवर्षं वाकून आतल्या तारा तुटतात, वरचं प्लास्टिक मात्र साबूत. भोस्त्याच्या किंवा परशुरामच्या घाटात वळणाला केबिन एका बाजूला झुकली की टोकं सुटतात, सरळ रस्त्यावर पुन्हा टेकतात. इंजिन आयडलवर ठेवून बिजागरीजवळचा हार्नेस हाताने वाकवा आणि हलकेच ओढा. चांगली वायर ताण घेते. तुटलेली वायर रबरासारखी लांबते, कारण आत तांबं राहिलेलं नसतं.

माझी गाडी जुनी, साध्या पंपाची. त्यात इलेक्ट्रिक काय बिघडणार?

स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे पंपाचं डिझेल चालू-बंद करणारा करंटवरचा खटका. चावीने बंद होणाऱ्या गाड्यांत दोन प्रकार असतात. एकात करंट मिळतोय तोवर डिझेल चालू, दुसऱ्यात करंट दिला की बंद. मध्येच गप्प होणारी गाडी बहुधा पहिल्या प्रकारची. सोलेनॉइडला बॅटरीवरून फ्युज टाकून थेट वायर द्या. फॉल्ट गेला तर खराबी इग्निशन स्वीच, फ्युज किंवा मधल्या वायरमध्ये आहे. लक्षात ठेवा, अशी थेट वायर असताना चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही, वायर काढावी लागेल. ड्रायव्हरला हे सांगितल्याशिवाय गाडी देऊ नका. केबलने ओढून बंद करायची गाडी असेल तर या पानाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

‘डिझेलमध्ये पाणी’ची लाईट कधी लागते, कधी जाते. सेन्सर खराब?

आधी फिल्टरच्या तळाचा नळ उघडून बघा. पाणी निघालं तर सेन्सर खरं बोलत होता. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी जातं आणि अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. पाणी अजिबात नसेल तरच कपलर खोला. तिथल्या दोन पिनांमध्ये खारट ओल असली तर सेन्सरला पाणीच वाटतं.

नोझलचा पाईप ढिला करून मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे ते बघतो. चालतं ना?

जुन्या पंपाला चालायचं. कॉमन रेलवर कधीही नाही. तिथे आयडललाच तीनेकशे बार आणि लोडवर दीड हजारांच्या वर प्रेशर असतं. ती धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा आणि ‘डिझेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चालू इंजिनावर इंजेक्टरचे कपलरही काढू नका, त्या वायरींवर बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं. मिसिंग शोधायला स्कॅनरवर सिलिंडर कट-आऊटची (एकेक सिलिंडर बंद करून बघायची) टेस्ट असते.

फॉल्ट येतच नाही. मुद्दाम कसा आणायचा?

लिहून ठेवलेली परिस्थिती हातात असेल तर जमतं. ओलीचा संशय असेल तर साध्या गोड्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या. इंजिन आयडलवर, एका वेळी एकच कपलर, दोन मिनिटं थांबा. सगळ्यावर एकदम पाणी मारलं तर फॉल्ट येईल, पण कुठून आला ते कळणार नाही. उष्णतेचा संशय असेल तर केस वाळवायचा ड्रायर. हादऱ्याचा असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिले, फ्युज बॉक्स आणि कपलरवर हलक्या टिचक्या. पंखा आणि बेल्टपासून बाही आणि हात लांब.

बॉडीला वेल्डिंग मारल्यापासून त्रास सुरू झालाय.

किनाऱ्यावर बॉडी कुजतात, त्यामुळे वेल्डिंग सारखंच चालू असतं. मारण्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढा, ईसीएमचे कपलर काढा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा. वेल्डरला घाई असते, तुम्ही समोर उभे राहा. आता त्रास सुरू झालाच असेल तर आधी बघा, हार्नेसवर ठिणग्या पडून कुठे वितळलंय का आणि अर्थच्या पट्ट्या परत लावल्यात का. ईसीएमवर शेवटी या.

गाडी पुरात बुडाली होती. वर्षभर बरी चालली, आता फॉल्ट येतात.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या, त्यांना हे नवीन नाही. चिखलाचं पाणी कपलरमध्ये आणि वायरीच्या आत बसतं आणि गंज आपल्या वेळेने काम करतो. खाडीच्या भरतीचं पाणी मिसळलेलं असेल तर आणखी वाईट. सुटे जोड मारत बसू नका, चेसिसचा हार्नेस अख्खा बदलणं शेवटी स्वस्त पडतं. आणि पुन्हा कधी गाडी बुडाली तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवून बघण्याचा मोह टाळा. आधी बॅटरी काढा, कपलर उघडा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या.

बीएस-६ गाडी आहे, ताकद मध्येच कमी होते. हाही फ्युएलचा फॉल्ट?

दर वेळी नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत, जिथे धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी आहे तिथे, युरियाच्या सिस्टिममध्ये बिघाड झाला तरी ईसीएम मुद्दाम ताकद कमी करतो. आधी कोड बघा. पण युरिया गळत असेल तर तो तांब्याचा वैरी आहे, वायरीच्या आत शिरून लांबपर्यंत जातो. कपलरवर पांढरे खडे दिसले तर कोमट पाण्याने धुवा, वाळवा आणि पिना बारकाईने बघा.

जोड कसा मारायचा म्हणजे टिकेल?

पिळून काळी टेप गुंडाळायची नाही. उन्हात गोंद वितळतो आणि टेप ओल धरून ठेवते. लाल तांबं लागेपर्यंत वायर कापा, मापाची स्लीव्ह चांगल्या प्लायरने क्रिंप करा आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी तापवून बसवा, दोन्ही टोकांतून गोंद बाहेर डोकावला पाहिजे. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, फाटलेलं रबर सील बदला आणि सीलवर थोडं सिलिकॉनचं डायलेक्ट्रिक ग्रीस लावा. चेसिसचं पिवळं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. जोड वायरीच्या सगळ्यात खालच्या जागी येऊ देऊ नका. हॉर्न, झालर, म्युझिक यांची वायर ईसीएमच्या सप्लायवरून कधीच काढू नका. नव्या गाडीचे अर्धे फॉल्ट तिथेच जन्माला येतात, असं माझं मत आहे.

रात्री घाटात बंद पडली, गॅरेज नाही. काय करू?

जमेल तेवढी कडेला घ्या, चाकाला ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, त्रिकोण मागच्या वळणाच्याही मागे ठेवा, म्हणजे येणाऱ्या गाडीला वळण घेण्याआधीच दिसेल. मग टाकीचं झाकण उघडा. बॅटरीची टर्मिनल आणि मेन स्वीच हाताने हलवून बघा. ईसीएमचा फ्युज काढून परत दाबून बसवा, रिलेही तसाच. चावी बंद करून मिनिटभर थांबा, मग चावी चालू करा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का ते बघा. काटा हलत नसेल तर क्रँक सेन्सरचा कपलर काढून पुसून बसवा आणि इंजिन थंड होऊ द्या. काटा हलतोय पण सुरू होत नसेल तर डिझेल भरायचा हँड पंप मारा, कडक होईपर्यंत. सुरू झाली तर यातल्या कशाने झाली ते त्याच वेळी मोबाईलमध्ये लिहा, कारण सकाळी गॅरेजमध्ये पहिला प्रश्न तोच विचारतील.